वटवट्या अजून आला नाही

७ सप्टेंबर २०२५, रविवार

नोंदवही वेगळी आणि ही डायरी वेगळी, हे पहिल्या पानावरच लिहून ठेवतो. नोंदवहीत फक्त घडलेलं. तारीख, वेळ, झाड, संख्या आणि पाचव्या रकान्यात ‘ऐ’ किंवा ‘दि’. ऐ म्हणजे ऐकला, दि म्हणजे दिसला. ‘बहुधा’, ‘असावा’, ‘वाटतं’ हे शब्द तिथे बारा वर्षांत एकदाही आलेले नाहीत. पण मनात येणारं कुठेतरी ठेवावं लागतं, म्हणून ही डायरी. लेक वेदिकाने पुण्याला जाताना टाकून दिलेली, गुलाबी कव्हरची. चालेल.

आज वालदेवीकाठची केरूबाबांची आमराई. स. ६.२० ते ८.५०. ढगाळ, वारा नाही. पक्षी: शिंपी ४, सुभग २, हळद्या १. हिरवट वटवट्या ०.

शून्यच अपेक्षित होतं. हा अंगठ्याएवढा, आठ ग्रॅमचा पक्षी. उन्हाळा हिमालयाकडे काढतो, पाऊस ओसरताना दक्षिणेला निघतो आणि नाशिकच्या झाडांत उतरतो. काही पुढे सह्याद्रीत जातात, काही इथेच थंडी काढतात. पाठ हिरवट, पोट मळकट पांढरं, डोळ्यावर फिकट भुवई, पंखावर एक बारीक पांढरी रेघ. पानाच्या रंगाचा पक्षी पानांतच वावरतो, त्यामुळे आधी तो कानालाच भेटतो. ‘ची-स्वीट’. बारीक, टोकदार. आमच्या पक्षिमित्र मंडळातले लोक नांदूर मध्यमेश्वरला जाऊन रोहित आणि बदकं मोजतात. त्याला कान लागत नाही, गाडी लागते.

वटवट्याच्या मागे या जिल्ह्यात मी एकटा. पहिल्या आगमनाच्या माझ्या तारखा: २०१३ साली १५ सप्टेंबर. २०१६, १८ सप्टेंबर. २०१९, २६ सप्टेंबर. २०२१, ९ ऑक्टोबर. २०२३, २२ ऑक्टोबर. गेल्या वर्षी ६ नोव्हेंबर. म्हणजे बारा हंगामांत बावन्न दिवसांचा उशीर. हवामान बदलतंय हे सगळेच बोलतात, मी ते तारखांनी दाखवलं. मंडळ या वर्षी जिल्ह्याच्या पक्ष्यांची सूची छापणार आहे आणि त्यात पहिला लेख माझा आहे. ९ नोव्हेंबरला, पक्षी सप्ताहात, तो मी सर्वांसमोर वाचायचा. आमचे सचिव प्रफुल्ल सर कॉलेजात शिकवतात. ते म्हणाले, “भाऊ, हे काम पीएचडीचं आहे.” मी आयटीआय फिटर. इंग्रजी पक्षीपुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. माझ्या नावापुढे ना डॉ. आहे, ना प्रा. नुसतं सावळीराम गायधनी छापून येईल. तेवढं बास.


१० सप्टेंबर, बुधवार

कंपनीत वाद. प्रेस शॉपचा सुपरवायझर शेखर एक गेज, म्हणजे माल पास-नापास ठरवायचं माप, घेऊन माझ्याकडे टूलरूमला आला. तपासलं तर ०.०३ मिमीने बाहेर. मी नियम दाखवला. गेज चुकीचं निघालं की ते शेवटचं बरोबर कधी होतं ते शोधायचं आणि त्या दिवसापासून त्याने पास केलेला सगळा माल परत तपासायचा. चार दिवसांचा माल होता.

शेखर म्हणाला, “अण्णा, गेज बदला ना राव. मालाने काय घोडं मारलंय?”

“गेज बदलून उद्याचा माल सुधारतो, कालचा नाही.”

चार दिवसांच्या मालात एकवीस नग बाद निघाले. शेखर जाताना काहीतरी पुटपुटला. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात. स्पष्ट बोलायची सवयच गेली लोकांची.

सेफ्टीवाल्याने परत कानातले बोळे वाटले. माझी पहिली अठरा वर्षं प्रेस शॉपमध्येच गेली, चारशे टनी प्रेसच्या शेजारी, बिनबोळ्यांची. पाकीट खिशात टाकलं. घरी डब्यात अशी साठेक पाकिटं असतील.


१४ सप्टेंबर, रविवार

काल संध्याकाळी ग्रुपवर तेजलचा निरोप: “हिरवट वटवट्या १, देवळाली कॅम्प, स. ७.०५, फक्त आवाज.”

तेजल ही सिन्नरजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. मंडळात येऊन दीड वर्ष. मुलगी हुशार आहे, पण घाई फार. लहान पक्ष्यांच्या नोंदी तपासायचं काम मंडळाने माझ्याकडे दिलंय, तेव्हा विचारणं भाग होतं.

“पाहिलास का?”

“नाही काका. दोनदा बोलला, मग पुढे गेला.”

“मग नोंद अग्राह्य.”

“पण काका, तुमच्या नोंदींत तर ‘ऐ’ आहेत.”

“तो कान बारा वर्षं तयार झालाय, बाळ.”

तिने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. नम्रता होती की टोमणा, कळायला मार्ग नाही. २०२२ ला योगेशनेही अशीच नुसत्या आवाजावर नोंद दिली होती, २४ सप्टेंबरची. मी बाद केली. त्याने मंडळात येणंच सोडलं. नाइलाज आहे. उद्या कोणी कावळ्याच्या आवाजावर गरुड लिहील.

आज आमराई, ६.१५ ते ९. शून्य.


२१ सप्टेंबर, रविवार

तेजलला मुद्दाम आमराईत बोलावलं. म्हटलं, शेजारी उभी राहून दाखव.

७.४० ला तिने एकदम हात वर केला. “आत्ता बोलला काका. मधल्या आंब्यात, वर.”

मी दुर्बीण लावली. पानं. सात मिनिटं पानं. शिंपी मात्र खालून खणखणीत ओरडत होता, तो मला व्यवस्थित ऐकू येत होता. म्हणजे कान शाबूत आहेत आणि लक्षही आहे.

“परत!” ती म्हणाली.

“काय परत? शिंपी आहे तो.”

“शिंपी खाली आहे. हा वरचा.”

तेवढ्यात केरूबाबा गवताचा भारा टाकून आले. वय सत्तरच्या पुढे, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांना विचारलं, म्हटलं निदान तटस्थ माणूस.

“आवं ते बारीक वाजतंय ना? वाळ्यातल्या खड्यावानी? त्ये रोज हाय की. पोळा झाल्यापासून.”

“बाबा, ते वेगळं. ती सूर्यपक्ष्याची पिल्लं.”

“आसंल बाबा. तुमी पाखरवाले. आमाला आपलं वाजतंय तेवढं कळतं.”

तेजल हसली नाही, पण बघत होती माझ्याकडे. कशी बघत होती ते नेमकं लिहिता येत नाही. रागाने नाही. मला ते आवडलं नाही.

नोंद: ०. तिची नोंद: अग्राह्य (पुराव्याअभावी).


२८ सप्टेंबर, रविवार

दोन दिवस धो धो पाऊस. वालदेवीला पाणी, आमराईकडचा रस्ता बंद. घरी बसून विचार केला.

आता एक गोष्ट लक्षात आली आणि अंगावर काटा आला. दिवेलागणीला गॅलरीत बसलो होतो. पाऊस थांबला होता. अशा वेळी रातकिड्यांनी कॉलनी डोक्यावर घ्यायला हवी, पण एक किडा नाही. पूर्ण शांतता. मागच्या वर्षीही कमीच वाटले होते. किडे नाहीत तर वटवट्या खाणार काय आणि उतरणार कशाला? द्राक्षबागांच्या फवारण्यांचा परिणाम असणार. लेखात हा मुद्दा घालतो.

हिला बोलावून दाखवलं. (ही म्हणजे आमच्या सगुणाबाई.) म्हटलं, “ऐक, कशी शांतता आहे.”

ही म्हणाली, “शांतता? कान किटले माझे या किड्यांनी.”

फ्रिज जुना झालाय, त्याची किरकिर हिला किड्यांसारखी वाटत असणार. मेकॅनिकला बोलावतो.


५ ऑक्टोबर, रविवार

आमराई ६.३० ते ९.१५. शून्य. मान दुखायला लागली. शेंडे बघून बघून डोळ्यांपुढे पानंच येतात.

काही सुचत नाही. २०१३ चं पान काढून वाचलं: “१५ सप्टें., स. ६.५५, आंबा, ३, ऐ.” तीन! एका झाडावर तीन एकमेकांना उत्तरं देत होते. तो दिवस डोळ्यांपुढे आहे, पण तो आवाज आठवायला गेलो तर ‘ची-स्वीट’ ही अक्षरं आठवतात. आवाज येत नाही. असं इतर कोणत्या पक्ष्याचं होत नाही.

हल्ली हिच्यात एक बदल जाणवतो. पूर्वी स्वयंपाकघरातूनच हाक मारून सांगायची. आता प्रत्येक गोष्ट सांगायला माझ्यासमोर येऊन उभी राहते, चेहऱ्याकडे बघून सावकाश बोलते. वयाबरोबर माणसं प्रेमळ होतात, हेही लिहून ठेवण्यासारखं.


१२ ऑक्टोबर, रविवार

हिला ताप. आमराई रद्द.

थर्मामीटर बिघडलेला. काखेत लावून शिट्टीची वाट बघत बसलो, पाच मिनिटं झाली तरी वाजेना. ही म्हणते, “केव्हाच वाजला, काढा.” तापातलं बोलणं. मी मेडिकलवाल्याकडून नवीन आणला. तोही वाजेना! परत गेलो. म्हटलं, “आम्ही पॉइंट शून्य दोनचा फरक पकडतो आणि तुम्ही बंद माल विकता?” त्याने माझ्यासमोर दोनदा लावून दाखवला. “वाजतोय की काका.” शेजारच्या गिऱ्हाइकानेही मान हलवली. दुकानदाराच्या ओळखीचा असणार. दुकानात भांडायला नको म्हणून तसाच घेऊन आलो.

ताप १००.४. निदान आकडा दाखवतो. संध्याकाळी उतरला.


१८ ऑक्टोबर, शनिवार

प्रफुल्ल सरांचा फोन. नीट ऐकू येत नव्हतं, त्यांच्याकडे रेंज नसते. मग ते घरीच आले.

“भाऊ, तेजलच्या वटवट्याच्या नऊ नोंदी झाल्या. चार ठिकाणं. सूची छापायला द्यायची आहे. काय करू?”

“नऊपैकी पाहिलेल्या किती?”

“दोन. पण ती म्हणते, आवाजाशिवाय जातीची खात्री देता येत नाही आणि आवाज तर स्पष्ट होता.”

“मी त्याच आठवड्यांत त्याच झाडांखाली उभा आहे सर. सगळं मिळून बावीस तास. एक आवाज नाही. बावीस तासांत एकदाही न बोलणारा वटवट्या तिच्याशीच बरा बोलतो?”

सर चहा प्यायले. म्हणाले, “निर्णय तुमचा.”

नऊही नोंदींवर लाल पेनने ‘अग्राह्य’ लिहून दिलं. अक्षर चांगलं आलं.

तासाभराने तेजलचा लांबलचक निरोप. पूर्ण उतरवत नाही, एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही: “काका, माझ्या चौथीतल्या पोरांचं गणित चुकलं तर मी आधी माझं उत्तर परत तपासते.”

उद्धटपणा आहे. उत्तर दिलं नाही.


२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. वेदिका भाऊबीज आटोपून पुण्याला गेली. येताना माझ्यासाठी म्हणून पक्ष्याच्या आवाजाची डोअरबेल आणली होती, स्वतः बसवली. “दाबा बाबा.” दाबली. काही नाही. मी म्हटलं, “बंद निघाली, बदलून आण.” माय-लेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. वेदिका आत निघून गेली. ही म्हणाली, “राहू द्या, आम्हाला पुरे.” स्वस्तातली चिनी बेल, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे? दोन थर्मामीटर, फ्रिज, आता बेल. एका महिन्यात चार वस्तू. बाजारात खरा माल उरलाच नाही.


२ नोव्हेंबर, रविवार

आमराई. शून्य. देवळाली कॅम्प, शून्य. विहितगावचे उंबर, शून्य.

लेखाचं शीर्षक बदललं. आधी होतं ‘हिरवट वटवट्याचे उशिरा आगमन’. आता: ‘हिरवट वटवट्या नाशिकला येतो का?’ शेवटचं वाक्य लिहिलं, “तो आता येत नाही, असे म्हणावे लागते.” लिहिल्यावर पेन खाली ठेवला. पक्षी गेल्याचं दुःख करावं की आपला अंदाज खरा ठरल्याचं समाधान मानावं, हेच कळेना. दोन्ही एकदम होत होतं. तिसरंही काहीतरी होतं, ते काय ते समजलं नाही.


६ नोव्हेंबर, गुरुवार

गेल्या वर्षीची तारीखही गेली. लेख पक्का.


७ नोव्हेंबर, शुक्रवार

जसं घडलं तसं लिहितो.

पहिल्या पाळीवरून ४.२५ ला घरी आलो. मी हॉलमध्ये लेख मोठ्याने वाचून वेळ लावत होतो. ही आतून येऊन दार उघडायला गेली. दारात तेजल. म्हणाली, “तीनदा बेल वाजवली काका.” मी म्हटलं, “ती बंद आहे.” तिने हिच्याकडे पाहिलं. हिने मान खाली घातली.

“काका, भांडायला नाही आले. दहा मिनिटं खाली चला. तुमच्याच गल्लीतल्या उंबरापाशी. मग परवा जे वाचायचं ते वाचा.”

उंबर आमच्या गॅलरीपासून पंचवीस पावलांवर. तिने मोबाइल काढला. आवाजाचं चित्र काढणारं अ‍ॅप. पडद्यावर काळी पट्टी सरकत जाते, जाड आवाज खाली उमटतो, बारीक वर. रिक्षा गेली, खाली धूर धूर झाला. मी खोकलो, ठिपका. चांगलं साधन आहे, समजायला वेळ लागला नाही.

मग पट्टीच्या वरच्या भागात एक वाकडी बारीक रेघ उमटली. पांढऱ्या टाचणीसारखी. तेजलने एक बोट वर केलं.

मी काही ऐकलं नाही.

“उजवीकडची सुकलेली फांदी, तिच्या मागे,” ती म्हणाली. दुर्बीण लावली आणि तो दिसला. भुवई. पंखावर एक रेघ. शेपटी झटकून किडा उचलला. हिरवट वटवट्या, यात ‘असावा’ नाही. ५.०८. चोच उघडली, मिटली. मी दुर्बीण काढून पडद्याकडे पाहिलं. टाचणी. तेजलचं बोट वर. पुन्हा दुर्बीण. चोच उघडली, छाती हलली. टाचणी. बोट.

सहा वेळा. सहाही वेळा पक्षी माझ्यापासून दहा-बारा पावलांवर तोंड उघडून गप्प होता.

मी म्हटलं, “मोबाइल खोटं दाखवतोय.”

तेजल म्हणाली, “मोबाइल खोटा, मी खोटी, केरूबाबा खोटे. काका, पक्षी पण खोटा का?”

वरून गॅलरीतून ही म्हणाली, “तो ना? तो महिनाभर आहे. मी कपडे वाळत घालते तेव्हा सारखं चाललेलं असतं त्याचं.”

टूलरूममध्ये माझा शिरस्ता आहे. दोन साधनांची मापं जुळली आणि तिसऱ्याचं वेगळं आलं, तर तिसऱ्याला लाल स्टिकर लावायचं. हे मी शेकडो वेळा केलंय. आज तिथेच अडकलो. तिसरं साधन कोणतं ते माहीत असून मी परत परत पहिल्या दोघांना तपासत होतो.

तेजलला चहा न घेताच जाऊ दिलं. हिने नंतर झापलं.


८ नोव्हेंबर, शनिवार

रजा टाकली. ही मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी घेऊन गेलो असं लिहिणार होतो, पण तसं घडलं नाही.

काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. जाड आवाज आले, मी सरळ दाबत गेलो. मग काचेपलीकडची मुलगी नुसतीच बसून राहिली. मला वाटलं यंत्र अडकलं. बऱ्याच वेळाने कळलं की ती बसली नव्हती, आवाज देत होती.

कागदावर आलेख आला. डावीकडे सपाट, मध्यापासून उजवीकडे कडा तुटल्यासारखा खाली. डॉक्टर म्हणाले, “मोठ्या आवाजात किती वर्षं काम केलंत?” आणि म्हणाले, हे हळूहळू होतं, माणसाला कळत नाही. बोलण्यातली बारीक अक्षरं जातात, माणसाला वाटतं समोरचा पुटपुटतोय.

मी त्या मुलीला विचारलं, “तुमच्या यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालं? प्रमाणपत्र दाखवा.”

ही म्हणाली, “अहो!”

मुलीने यंत्राची बाजू फिरवून स्टिकर दाखवलं. मार्च २०२६ पर्यंत वैध. सही होती, शिक्का होता.

रिक्षात हिला विचारलं, “तुला कधीपासून माहीत होतं?”

“तीन-चार वर्षं झाली.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“दहा वेळा सांगितलं. तुम्हाला सांगायला गेलं की तुम्ही वस्तू बदलून आणता.”

घरी येऊन जेवलो नाही. नोंदवह्या काढल्या. गेज बाहेर निघालंय, मग शेवटचं बरोबर कधी होतं ते शोधायचं. वटवट्याच्या सगळ्या नोंदींवरून पाचव्या रकान्यात बोट फिरवत गेलो. २०१३ सगळे ऐ. २०१६ ऐ, मध्ये एखादा दि. २०१९ अर्धे अर्धे. शेवटचा ऐ: २ ऑक्टोबर २०२०, स. ७.१०, चिंच. त्यानंतर पाच वर्षं खाली सगळे दि, दि, दि. माझ्याच अक्षरात, एका ओळीत, पट्टी लावल्यासारखे. ही ओळ मी दरवर्षी पुढे लिहीत गेलो आणि एकदाही वाचली नाही.

मग पक्षी उशिरा येत होता की नव्हता? बावन्न दिवसांतले पक्ष्याचे किती आणि माझे किती? २०२० च्या आधीही कान थोडा थोडा जात असणारच. डॉक्टरांना विचारलं होतं, नेमकी सुरुवात कधी? ते म्हणाले, “तारीख सांगता येत नाही.” मी आयुष्यभर तारखा लिहिल्या आणि माझीच एक सांगता येत नाही.


९ नोव्हेंबर, रविवार

मंडळाच्या हॉलमध्ये पंचेचाळीस माणसं. प्रफुल्ल सरांनी ओळख करून देताना ‘संशोधक’ म्हटलं. लेख पिशवीतच ठेवला आणि नोंदवही काढली.

बोलताना काय बोललो ते सगळं आठवत नाही. गेजची गोष्ट सांगितली. पाचवा रकाना वाचून दाखवला, वर्षवार. २०२१ पासूनच्या आगमनाच्या माझ्या तारखा मागे घेतो म्हणालो. त्याआधीच्याही कोणी आधार म्हणून वापरू नयेत. तेजलच्या नऊ नोंदी आणि योगेशची एक माझ्या चुकीने बाद झाल्या, त्या ग्राह्य धराव्यात. या हंगामाची पहिली तारीख १३ सप्टेंबर, देवळाली कॅम्प, ऐ, नोंद तेजलची.

खाली बसलो. टाळ्या वाजल्या की नाही, हे विचारू नये. हात हललेले दिसले.

सर जवळ येऊन म्हणाले, “भाऊ, पुस्तिकेचं पहिलं पान रिकामं झालं की हो.”

मी म्हटलं, “तिच्या नोंदी घाला. नऊ आहेत, पान भरेल.”

तेजल लांबूनच हात जोडून उभी होती. या वेळी टोमणा नव्हता, एवढं कळलं.


१६ नोव्हेंबर, रविवार

योगेशकडे गेलो होतो, जेलरोडला. त्याने दार उघडलं, नोंदवहीतलं दुरुस्त पान बघितलं. “२४ सप्टेंबर. मला तर वाटायला लागलं होतं, माझ्याच कानात दोष आहे काका.” पक्षी बघणं त्याने तीन वर्षांपूर्वीच बंद केलंय. दुर्बीण विकली. मी म्हटलं, माझी घेऊन जा. म्हणाला, “बघू.” ‘बघू’ या शब्दाचं माप माझ्याकडे नाही.

त्याआधी आमराई. स. ६.४५ ते ८.३०. मी, तेजल, केरूबाबा. कानाचं मशीन लावूनही वटवट्या ऐकू येईल का, याची हमी डॉक्टर देत नाहीत. ते मशीन पुढच्या महिन्यात. तोवर अशी व्यवस्था ठरली: तेजल बोट वर करते, मी बोटाच्या रेषेत दुर्बीण लावतो. बाबांनी ते बघितलं आणि तेही बोट वर करायला लागले. दोन-तीनदा तेजलच्या आधी.

“आता तरी पटलं का पाखरवाले, त्यो वाजतूय त्ये?”

“पटलं बाबा.”

“पोळ्यापासून सांगतोय. आमचं कोन ऐकतं!”

तिघेही हसलो, पण मी जरा उशिरा.

नोंदवहीत आज सहावा रकाना आखला. १६ नोव्हें., स. ७.२०, मधला आंबा, २. पाचव्यात लिहिलं ‘ऐ, दि’. सहाव्यात: ऐकला केरूबाबांनी आणि तेजलने, पाहिला मी.

परत येताना मेडिकलच्या दुकानात थांबलो. गर्दी होती. गर्दी ओसरायची वाट बघितली नाही. म्हटलं, “ते दोन्ही थर्मामीटर चालू आहेत.” दुकानदार म्हणाला, काय म्हणाला ते समजलं नाही. मी म्हटलं, “जरा समोर बघून बोला, मला कमी ऐकू येतं.”